आगीची तालीम

वसंत व्याख्यानमालेत इतिहास, काव्य, राजकारण असे विषय ऐकावयाची आपल्याला सवय आहे. बंबवाल्यांच्या शिक्षणावर कोणी तासभर बोलणार म्हटल्यावर काहींनी भुवया उंचावल्या असतील. पण ऋतूच्या दृष्टीने पाहिले तर विषय वेळेवर आला आहे. १४ एप्रिल ही तारीख आपण बाबासाहेबांच्या जयंतीमुळे ओळखतो. त्याच तारखेला देशभरच्या अग्निशामक दलांत आपल्या मृत सहकाऱ्यांना मानवंदना दिली जाते आणि तेथून २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्याचे मूळ मुंबईत आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. कराचीमार्गे आलेल्या या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती, आणि त्यांतील काहींच्या सोबतीला, त्याच कप्प्यात, कापसाच्या गासड्या रचलेल्या होत्या. दुपारी गासड्यांतून धूर दिसला. बंब आले, पाणी सुरू झाले. आत स्फोटके आहेत हे कळले होते. पण जहाज जागच्या जागी बुडवावे की गोदीबाहेर ओढून न्यावे, आणि तो हुकूम द्यावयाचा कोणी, याचा घोळ काही मिटेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला; सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. मुंबईच्या अग्निशामक दलातील ६६ माणसे त्या एका आगीत गेली.

या ६६ जणांना पाणी मारता येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. पाणी ते शेवटपर्यंत मारीत होते. ‘आता मागे फिरा’ असे सांगण्याचा अधिकार आणि तो वापरण्याची सवय, या दोन गोष्टींचे शिक्षण मात्र त्या दिवशी त्या धक्क्यावर कोणाजवळ पुरेसे नव्हते. अग्निशमनाच्या शिक्षणात शिडी, दोर, नळी आणि तोटी यांना मोठा मान आहे. माघारीला तेवढा नाही. आज मी बोलणार आहे ते या शिक्षणातल्या सुरक्षिततेबद्दल. म्हणजे ज्या तालमीत माणसाला आगीशी झुंजावयास शिकवतात, त्या तालमीतच तो जखमी होऊ नये, मरू नये, यासाठी काय नियम हवेत आणि ते कसे घडत आले.

प्रथम एक शंका दूर करू. कोणी म्हणेल, ‘ज्याला खऱ्या आगीत शिरावयाचे आहे, त्याला तालमीत एवढे जपून कसे चालेल?’ या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारत नाही. फळ्यावर आग काढून आग शिकता येत नाही. ज्याने कधी काळ्या धुरात स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरून तो दिसत नाही याचा अनुभव घेतला नाही, तो पहिल्या खऱ्या आगीत गोंधळणार. म्हणून जिवंत आगीची तालीम अवश्य हवी. पण खऱ्या आगीत आणि तालमीत एक फरक आहे. खऱ्या आगीत कोणाचे तरी मूल आत असते. त्याच्यासाठी जवान आपला जीव पणाला लावतो आणि त्या पैजेला अर्थ असतो. तालमीत आत कोणीही नसते. आग आपणच लावलेली, जागा आपणच निवडलेली, वेळ आपणच ठरवलेली. तेव्हा तेथे माणूस मेला तर दैवाकडे बोट दाखवता येत नाही. कोल्हापूरचा वस्ताद पठ्ठ्याला पहाटे हौद्यात घेऊन चीतपट करतो. पण मान मोडेल असा पेच नवशिक्यावर टाकीत नाही, आणि दुसऱ्या कोणी टाकला तर लंगोट काढून घेतो.

आता आग कशी मारते ते थोडे समजून घेऊ; त्यावाचून पुढचे नियम हे नुसते कागदी वाटतील. खोलीत कोपऱ्यात आग लागली की तापलेला धूर वर जातो आणि छताखाली त्याचा थर साचू लागतो. हा धूर म्हणजे न जळलेले इंधनच असते. थर जसजसा जाड व गरम होतो तसतशी त्याची धग खाली पडू लागते. खुर्च्या, गाद्या, दाराच्या चौकटी वाफाळू लागतात. थराचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की खोलीतील सगळ्या वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेटतात. इंग्रजीत याला फ्लॅशओव्हर म्हणतात. आपण भडका म्हणू, पण आपल्या रोजच्या भडक्याहून हे प्रकरण फार निराळे आहे. कोपऱ्यातील आग आणि खोलीभर आग यांच्यात काही सेकंदांचे अंतर असते. पूर्ण पोशाखातला जवानही अशा खोलीत फार तर काही सेकंद तगतो.

हा क्षण किती लवकर येतो, हे खोलीत काय भरले आहे त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन सारख्या खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचे लाकूड-कापसाचे सामान, दुसरीत आजच्या फोमच्या गाद्या आणि कृत्रिम धाग्यांचे कापड. जुन्या खोलीला भडका यावयास अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. नव्या खोलीत तो पाच मिनिटांच्या आतच आला. आपल्या आजोबांच्या वाड्यातील दिवाणखाना आणि आपल्या फ्लॅटमधील दिवाणखाना यांत एवढे अंतर पडले आहे. सोफा विकत घेताना हे कोणी सांगत नाही, हे जाता जाता.

आणि याच फोमने तालमीत माणसे मारली. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेअर्ड्‌सव्हिल या खेड्यात एका रिकाम्या घरात तालीम ठेवली होती. एकोणीस वर्षांचा एक नवा स्वयंसेवक वरच्या मजल्यावर ‘अडकलेला माणूस’ म्हणून बसवला होता. त्याला इतरांनी सोडवून आणावयाचे. खाली सोफ्यातील फोमच्या गादीला आग लागली, जिना धुराने व ज्वाळांनी भरला, आणि नाटकातला अडकलेला माणूस खराच अडकला. तो दगावला. तालीम चालवणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला होऊन निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल त्याला दोषी ठरवण्यात आले. पुढच्याच वर्षी, जुलै २००२ मध्ये, फ्लोरिडातील ऑसिओला परगण्यात तालमीच्या आगीवर फोमची गादी टाकली गेली आणि शोध घेण्यास आत गेलेले दोघे जवान भडक्यात सापडून मेले.

‘पुढच्याला ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. येथे मात्र ठेच आधीच लागली होती, आणि दगड कोठे आहे तेही लिहून ठेवलेले होते. २६ जानेवारी १९८२ रोजी कोलोरॅडोतील बोल्डर येथे एका जुन्या इमारतीतील तालमीत दोन जवान मेले. त्यानंतर अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९८६ साली जिवंत आगीच्या तालमीचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक १४०३. त्यातील नियम वाचले तर त्यांत पांडित्य काहीच नाही. एखाद्या शहाण्या गृहिणीने चुलीपाशी पाळावेत असेच ते आहेत. आग लावण्यापूर्वी सर्व शिकाऊंना ती इमारत आतून फिरवून दाखवा, बाहेर पडण्याच्या वाटा दाखवा. एका प्रशिक्षकाकडे पाचांहून अधिक शिकाऊ देऊ नका. आत जाताना मोजा, बाहेर येताना मोजा. पाण्याचे दोन स्वतंत्र स्रोत ठेवा, म्हणजे एक पंप बंद पडला तर सारेच कोरडे पडणार नाहीत. आत जाणाऱ्या नळीच्या पाठीशी दुसरी भरलेली नळी माणसांसह उभी ठेवा. एक सुरक्षा अधिकारी असा नेमा की ज्याला शिकवण्याचे दुसरे काम नाही, आणि त्याने ‘थांबा’ म्हटले की सर्वांनी, वरिष्ठांनीसुद्धा, थांबावयाचे. रबर, प्लॅस्टिक, फोम जाळू नका. रॉकेल-पेट्रोल ओतू नका. जुन्या घरात एका वेळी एकच आग लावा. आणि जिवंत माणसाला ‘अडकलेला’ म्हणून कधीही आत बसवू नका. त्यासाठी चिंध्या भरलेला पुतळा पुरतो.

शेवटचा नियम पुन्हा वाचा आणि २००१ सालचा तो एकोणीस वर्षांचा मुलगा आठवा. नियम आधीच छापलेला होता. पण हे मानक एका खाजगी संस्थेचे. एखाद्या राज्याने ते कायद्यात घेतले तरच बंधनकारक. त्या मुलाच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्क राज्याने जिवंत माणसाला असे बसवण्यास कायद्याने बंदी केली. तरीही फेब्रुवारी २००७ मध्ये बाल्टिमोर शहरात, स्वयंसेवकांच्या नव्हे तर नगराच्या पगारी दलाच्या तालमीत, एका जुन्या घरात एकाच वेळी अनेक ठिकाणी आगी लावल्या गेल्या आणि एक शिकाऊ महिला जवान त्यांत मेली. चौकशीत या मानकातील नियम एकामागून एक मोडलेले आढळले. नियम करणे सोपे. मैदानावर, घाईच्या दिवशी, साहेब बघत असताना तो पाळणे अवघड, एवढेच मला यातून दिसते.

नियम रुजला म्हणजे काय होते, याचे चांगले उदाहरण इंग्लंडात आहे. २३ जानेवारी १९५८ रोजी लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघराला आग लागली. तळघर म्हणजे शीतकोठ्यांचा भुलभुलैया. चरबी, मांस आणि भिंतींतील आच्छादन धुमसत होते. प्राणवायूची उपकरणे पाठीवर बांधून माणसे आत गेली. त्यांतील दोघे वाट चुकले, उपकरणातील प्राणवायू संपला आणि ते तेथेच मेले. कोण आत गेला, केव्हा गेला, त्याच्याजवळ किती हवा होती याचा नेमका हिशेब दारात कोणाजवळ नव्हता.

त्यानंतर जी पद्धत रूढ झाली ती अगदी साधी आहे. प्रत्येक उपकरणाला एक बिल्ला. आत जाणाऱ्याने आपले नाव, जाण्याची वेळ आणि नळकांड्यातील दाब त्यावर लिहून तो दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती द्यावयाचा. त्याच्याजवळ फळा आणि घड्याळ. बिल्ला फळ्यावर लटकत आहे तोवर माणूस आत आहे. हवा कमी झाली की उपकरणातील शिट्टी आपोआप वाजते. वेळेवर बाहेर आला नाही तर दाराशी तयार बसलेली जोडी आत जाते. आपल्या शाळेतील हजेरीपटाहून यात अधिक काही नाही; पण तो हजेरीपट लिहिला गेला दोन माणसांच्या मृत्यूनंतर.

या हवेचा हिशेब तुम्हाला करून दाखवतो. नेहमीच्या वापरातील नळकांडे ६.८ लिटरचे असते आणि त्यात ३०० बार दाबाने हवा भरतात. म्हणजे ढोबळ मानाने २०४० लिटर हवा. बेताचे काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर घेतो असे धरले तर ती ५१ मिनिटे पुरेल. पण जिना चढणारा, नळी ओढणारा, घाबरलेला माणूस त्याच्या दुप्पट हवा सहज ओढतो. मग तीच हवा पंचवीस मिनिटांची होते. शिवाय शेवटचे ५० बार हे अडीनडीसाठी. त्यांना हात लावावयाचा नाही. उरले २५०. जेवढी हवा जाताना लागली तेवढी येताना लागणार, म्हणून अर्धी, १२५, खर्च झाली की वळले पाहिजे. म्हणजे काटा १७५ वर आला की मागे फिरावयाचे, मग समोरची खोली हाताच्या अंतरावर असो. नवशिक्याला हे पटत नाही. ‘साहेब, अजून अर्ध्याहून जास्त हवा आहे,’ असे तो म्हणतो. जुना प्रशिक्षक म्हणतो, ‘आहे ना? म्हणूनच बाहेर ये.’ हे वाक्य शंभरदा ऐकल्यावर मग कधीतरी ते अंगवळणी पडते.

धगीखेरीज आणखी एक शत्रू आहे, आणि आपल्याकडे त्याचा विचार फार कमी होतो. तो म्हणजे अंगातील उष्णता. जाड पोशाख, शिरस्त्राण आणि पाठीवरचे उपकरण मिळून वीस किलोच्या वर भार होतो. हा पोशाख बाहेरची धग आत येऊ देत नाही, तशी आतली उष्णता बाहेरही जाऊ देत नाही. घाम येतो पण वाळत नाही. अमेरिकेतील जवानांच्या कामावरील मृत्यूंत अनेक वर्षे जवळजवळ निम्मे मृत्यू हृदय अकस्मात बंद पडल्याने झालेले आहेत. ज्वाळांनी होणाऱ्या मृत्यूंहून हे कितीतरी अधिक. आता कल्पना करा, मे महिन्यातील विदर्भाची दुपार, पारा ४२ अंशांवर, आणि मैदानावर पूर्ण पोशाखात कवायत. तेथे तालमीची वेळ पहाटेची ठेवणे, दोन फेऱ्यांमध्ये सावलीत पोशाख उतरवून बसवणे, पाणी पाजणे, नाडी पाहणे ही चैन म्हणता येणार नाही. आणि शिकाऊ दिवसातून एकदा आगीत जातो; त्याचा प्रशिक्षक प्रत्येक तुकडीबरोबर पुन्हा पुन्हा जातो, ही गोष्ट वेळापत्रक आखणाराच्या लक्षात सहसा येत नाही.

धुराबद्दल एवढेच सांगतो की आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसाय हा निश्चितपणे कर्करोगास कारण होणाऱ्यांच्या वर्गात घातला. काजळीने माखलेला कोट म्हणजे अनुभवाचे चिन्ह, असे जुने लोक अभिमानाने सांगत. तो कोट आता धुऊन टाकावयाचा, घरी न्यावयाचा नाही, जेवणाच्या खोलीत टांगावयाचा नाही, हे तालमीच्या पहिल्या दिवसापासून शिकवावे लागते.

आता आपल्याकडे वळू. या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे नवी नाही. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि १९५७ मध्ये नागपुरास आले. देशभरचे अधिकारी तेथे शिकून जातात. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी ५००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पैसा आला की गाड्या येतात. लाल रंगाच्या गाडीला हार घालता येतो, तिचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. दाराशी बिल्ले घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोणी काढीत नाही. म्हणून त्याची जागा कंत्राटी माणसाने भरली जाते, किंवा भरलीच जात नाही. लहान नगरपालिकांतून बंब हाकणाराच उतरून नळी धरतो, अशा ठिकाणी पाठीमागे दुसरी नळी कोण धरणार?

आणि हे शिक्षण केवळ नव्या पोरांचे आहे, असे समजू नये. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, इमारत कोसळली, आणि त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशामक दलाचे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. हे आयुष्यभर आगीत वावरलेले लोक होते. जळणारी जुनी लाकडी इमारत केव्हा पडेल, कोणत्या क्षणी सर्वांना बाहेर काढावयाचे, हे ज्ञान शिडीच्या कवायतीतून येत नाही. त्यासाठी अधिकाऱ्यांची वेगळी तालीम लागते.

नागरिकांच्या तालमीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण येथे नियम जवळजवळ नाहीतच. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूत कोइमतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती-निवारणाच्या तालमीत विद्यार्थिनीला दुसऱ्या मजल्यावरून खाली धरलेल्या जाळीत उडी घ्यावयास लावले. ती कचरत होती. शिकवणाऱ्याने तिला ढकलले. खालच्या छज्जावर आपटून ती मुलगी मेली. तो मनुष्य स्वतःला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा प्रशिक्षक म्हणवीत होता. प्राधिकरणाने त्याच्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. जाळीची परीक्षा वाळूच्या पोत्याने करता येते. त्यासाठी कोणाच्या मुलीची गरज नव्हती.

एवढी भयंकर नव्हे, पण त्याच वळणाची एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. एका वसाहतीत आग विझवण्याचे प्रात्यक्षिक होते. पत्र्याच्या परातीत रॉकेल पेटवून बायका-मुलांच्या हाती आगविझवणी नळकांडी दिली होती. पहिल्यांदा विझली. टाळ्या झाल्या. लगेच शिकवणाऱ्याने दुसऱ्या खेपेसाठी त्या तापलेल्या परातीत कॅनमधून रॉकेल ओतले. तापलेल्या पत्र्यावर पडताच त्याची वाफ झाली आणि कोपऱ्यात राहिलेल्या ठिणगीने ती वाफ थेट कॅनच्या तोंडापर्यंत पेटली. त्याने कॅन फेकला म्हणून वाचला; पुढच्या रांगेत मुले बसली होती. कोणी काही बोलले नाही. कार्यक्रम पुढे चालू झाला आणि शेवटी त्याला नारळ दिला गेला. मीही गप्प बसलो होतो, हे येथे सांगितले पाहिजे.

असे प्रसंग, ज्यांत कोणी मेले नाही, तेच खरे कामाचे असतात. मेलेल्या माणसाची चौकशी होते. थोडक्यात वाचलेल्याची होत नाही. ज्या दलांत तालमीची सुरक्षितता सुधारली, तेथे अशा हुकलेल्या अपघातांची नोंद ठेवावयाची आणि नोंद करणाऱ्याला शिक्षा करावयाची नाही, असा रिवाज पाडला गेला. आपल्याकडे नोंद केली की प्रथम विचारतात, ‘चूक कोणाची?’ मग पुढच्या वेळी नोंद होत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये सेवा सप्ताहात तुमच्या गावचे केंद्र लोकांसाठी उघडे असेल तेव्हा मुलांना बंब दाखवावयास जरूर न्या. मुले घंटा वाजवीत असताना तेथील अधिकाऱ्यांना दोन-तीन गोष्टी विचारा. तुमच्या तालमीत सुरक्षा अधिकारी कोण असतो? आत गेलेल्यांचा फळा कोठे आहे? हुकलेल्या अपघातांची वही आहे काय? एका केंद्रावर मी असे विचारले तेव्हा तेथील अधिकारी जरा थांबले, आत गेले आणि एक साधी दोनशे पानी वही घेऊन आले. तिच्यात फार नोंदी नव्हत्या. ताजी नोंद आठवडाभरापूर्वीची होती: सकाळच्या कवायतीत शिडीच्या सहाव्या पायरीला चीर दिसली, वर चढलेल्या जवानाला खाली घेतले, इजा नाही, शिडी वापरातून काढली. खाली सही होती, आणि ती शिडी खरोखरच मागच्या भिंतीला, तांबडी चिंधी बांधून, उभी करून ठेवलेली होती.